व्याह्यांची गिटार, डॉक्टरांची खुर्ची

आदरणीय विहीणबाई,

सप्रेम नमस्कार. आधी तुमच्या गुडघ्यांची विचारपूस, मग तुमची. कारण मागे तुम्हीच म्हणाला होतात की हल्ली घरी येणारा प्रत्येक जण माझ्याऐवजी गुडघ्यांचीच चौकशी करून जातो. उजवा कसा आहे? डाव्याला अजून जिना दिसला की राग येतो का? जपा. इकडे माझं बरं चाललंय. आमच्या डॉक्टरांची (म्हणजे आमच्या ह्यांची; दातांचा दवाखाना होता तेव्हापासून मी त्यांना डॉक्टरच म्हणते, नावाने हाक मारली तर ते दचकून मागे कोण आलंय ते बघतात) तब्येत कशी आहे ते पुढे सविस्तर येईलच. आणि आमचे व्याही, म्हणजे तुमचे हे, यांची तब्येत तर इतकी ठणठणीत आहे की त्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलंय.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. आमच्या घराला दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, आणि भिंती अशा की शेजारी कुणी उसासा टाकला तर इकडून ‘काय झालं हो?’ म्हणून विचारावं. त्यात मी फोनवर बोलायला लागले की व्याही समोर येऊन बसतात, आणि फोन ठेवल्यावर किती मिनिटं बोलणं झालं आणि त्यात कामाचं किती होतं ते सांगतात. म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून, कुकरच्या आवाजाच्या आडोशाने लिहिते आहे. मध्येच अक्षर बिघडलं तर समजा की कुणीतरी दार ढकललं.

तुमच्या घरी नळाचं काम निघालं, भिंती फोडल्या, तुम्ही भावाकडे गेलात, आणि तुमच्या भावाशी बुद्धिबळावरून बिनसलेलं असल्यामुळे व्याही आमच्याकडे आले, इथपर्यंत तुम्हाला ठाऊकच आहे. ‘चार दिवसांसाठी येतो’ असं ते म्हणाले होते. मी मुलीची आई. व्याही चार दिवस म्हणाले की आपण ‘अहो, चार काय, आठ राहा’ म्हणायचं असतं, तसं मी म्हणाले. ते त्यांनी शब्दशः घेतलं, आणि नंतर तेही विसरले. येताना त्यांच्याकडे एक बॅग, एक गिटार आणि एक लाकडी पेटी होती. पेटीत काय असेल या विचाराने मी पहिल्या दिवशी जरा मोहरलेही होते (तुम्ही काहीतरी पाठवलं असेल असं वाटलं, नाही पाठवलंत, काही हरकत नाही, मी सहज सांगितलं). पेटीत निघाली मापं. पितळेची वजनं, पट्ट्या, कंपासासारखं काहीतरी, जाडी मोजायच्या पात्यांचा जुडगा. माणूस वजनमापं निरीक्षक म्हणून निवृत्त झाला तरी निरीक्षण निवृत्त होत नाही, हे तुम्ही इतकी वर्षं सोसलं असेल. मला ते नवीन होतं. पहिल्याच सकाळी माझा स्वयंपाकघरातला काटा नापास झाला. मग दुधाचं माप. मग भिंतीवरचं घड्याळ. नंतर ते कोपऱ्यावरच्या दुकानात साखर आणायला गेले आणि जाताना पेटीतलं एक वजन खिशात घालून गेले. आता तो दुकानदार मला लांबून बघितलं की आत जाऊन उभा राहतो.

आता आमच्या डॉक्टरांबद्दल. हे मी लेकीलाही नीटसं सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी दवाखाना बंद केला तो ‘आता पुरे झालं’ म्हणून, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. खरं कारण असं की त्यांचा उजवा हात हलायला लागला. फार नाही. कपात चहा असला तर कळावं इतकाच. पण एक दिवस खुर्चीत बसलेल्या पेशंटने त्या हाताकडे बघितलं, ‘नंतर येतो’ म्हणाला आणि गेला. डॉक्टर घरी येऊन जेवले, आणि दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली. दवाखान्यातलं बरंचसं विकलं, किरकोळ सामान कपाटात आणि माळ्यावर गेलं, आणि खुर्ची काही विकवेना. ती आमच्या पुढच्या खोलीत आणून ठेवली (सोफा लेकीकडे गेला, म्हणून तुम्ही मागे आलात तेव्हा आपण पलंगावर बसलो होतो). तेव्हापासून डॉक्टर त्या खुर्चीत, पाठ मागे झुकवून, छताकडे बघत पडून. काही विचारलं की ‘हं’. जेवण वाढलं, ‘हं’. गॅस संपला, ‘हं’. लेकीचा फोन आला की तेवढ्यापुरते दोन शब्द, आणि परत छत. मी छताला रंग देऊन घेतला, म्हटलं निदान बघायला काही बरं असू दे. त्यावर ‘हं’.

अशा घरात व्याही आले आणि संध्याकाळी गिटार वाजवायला लागले. गिटार जुनी आहे, तरुणपणी घेतलेली, आणि तिची मान फिकट मधाच्या रंगाची आहे, हे तुम्हाला मी काय सांगणार, तुमच्या घरात ती तुमच्याआधी आली असं व्याही सांगतात. पण तिचा तो आवाज तुम्ही कसा सहन करत होतात? चांगला सूर चाललेला असताना मध्येच खर्रर्र, बरणीत माशी अडकल्यासारखं. सूर, सूर, खर्रर्र. व्याही तिकडे दुर्लक्ष करून पुढे जायचे. मी भांडी जोरात घासून त्यावर मात करायचा प्रयत्न करत होते. तर एका संध्याकाळी खर्रर्र झालं आणि खुर्चीतून आवाज आला, “वरच्या बाजूला दुखतंय तिला. तिसरी किंवा चौथी.”

विहीणबाई, माझ्या हातातून पातेलं सुटलं. कित्येक महिन्यांत डॉक्टरांनी आपण होऊन बोललेलं हे पहिलं वाक्य. ते उठले, कपाटातला दात बघायचा छोटा आरसा आणला, दिवा ओढला आणि गिटारच्या मानेवर वाकले. गिटारच्या मानेवर धातूच्या त्या आडव्या पट्ट्या असतात ना, त्यांना फ्रेट म्हणतात. बोटाने तार त्यांच्यावर दाबायची. वर्षानुवर्षं एकाच जागी तार दाबून दाबून त्या पट्ट्यांना खाचा पडल्या होत्या, आणि तार पुढच्या पट्टीला घासून खरखरत होती. “झीज आहे,” डॉक्टर म्हणाले, “काढून नवीन बसवाव्या लागतील. सगळ्या.” (हे वाक्य त्यांनी आयुष्यभर लोकांना ऐकवलंय. ते ऐकल्यावर पेशंटचा चेहरा जसा व्हायचा तसाच व्याह्यांचा झाला.)

दुसऱ्या दिवशी दोघं बाजारातल्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात गेले. डॉक्टर घराबाहेर पडले! मी खिडकीतून ते दिसेनासे होईपर्यंत बघत होते. तिथल्या माणसाला सगळे तारवाला म्हणतात. त्याने गिटार हातात घेतली, उजेडात धरली आणि परत दिली. म्हणाला, मानेवरची ही फळी मेपल लाकडाची आहे, फिकट लाकूड मळू नये म्हणून तिच्यावर काचेसारखं लॅकर चढवलंय, आणि कारखान्यात पट्ट्या आधी ठोकून मग वरून ते लॅकर मारलंय. त्यामुळे पट्टी उपटली की तिच्याबरोबर लॅकरचे टवके निघणार. काळ्या लाकडाची फळी असती तर हसत केलं असतं, ही मी करत नाही. हवी तर नवीन मान बसवून देतो. व्याही गिटार घेऊन बाहेर आले. बायको जरा जुनी झालीये, बदलून देऊ का, असं कुणी विचारल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता असं डॉक्टर सांगत होते. (हे मी मुद्दाम कळवते. माणसाचे गुणही सांगायला हवेत.)

घरी आल्यावर व्याही खिन्न होऊन पलंगावर बसले. डॉक्टर खुर्चीपाशी उभे राहिले, आणि त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात मारला. “आणा इकडे,” म्हणाले, “टवके उडू न देता उपटायचं, एवढंच ना? दुसरं काय केलं मी आयुष्यभर?”

आणि अशा रीतीने, विहीणबाई, तुमच्या घरची गिटार आमच्या खुर्चीत आडवी झाली. डोकं ठेवायच्या जागी मानेचा शेंडा, खाली उशी, पोटावर पेशंटला बांधायचा तो निळा कागदी रुमाल. दोघांनी तोंडाला फडकी बांधली. मी चहा घेऊन आत गेले तर डॉक्टर सवयीने तिला म्हणत होते, “दुखलं तर हात वर करा,” आणि व्याह्यांनी हात वर केला.

कृती त्यांनी कुठूनतरी शोधून काढली होती. आधी पट्टीच्या दोन्ही कडांनी धारदार पात्याने लॅकर हलकेच चिरून घ्यायचं, म्हणजे पट्टी निघताना ते ओढलं जात नाही. मग पट्टी तापवायची, तेवढ्यासाठी व्याह्यांनी रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून डाग द्यायची कांडी मागून आणली. आणि मग पक्कड लावून, न उचकटता, कडेकडेने वर घ्यायची. डॉक्टरांनी पातं हातात घेतलं, पहिल्या पट्टीपाशी नेलं, आणि हात हलायला लागला. त्यांनी थांबून पुन्हा नेलं. पुन्हा हलला. पात्याचं टोक लॅकरवर टिक टिक टिक वाजत होतं. डॉक्टरांनी पातं ताटलीत ठेवलं. म्हणाले, “तुम्ही ती नवीन मान बसवून घ्या.” आणि त्यांनी छताकडे बघितलं. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. मला वाटलं, झालं. आता हा माणूस पुन्हा काही बोलायचा नाही.

तुमच्या यजमानांनी त्या वेळी काय करावं? धीर द्यावा, पाठीवर हात ठेवावा, निदान गप्प राहावं. त्यांनी पेटी उघडली. डॉक्टरांच्या हातात टोकदार पेन्सिल दिली, खाली आखीव कागद ठेवला आणि म्हणाले, “स्थिर धरा. शक्य तितकं.” डॉक्टर इतके चकित झाले की त्यांनी धरली. पेन्सिलीने कागदावर एक छोटी रेघ काढली. व्याह्यांनी भिंग लावून ती मोजली. दुसरी मोजली. तिसरी मोजली. चष्मा कपाळावर सरकवला.

“सव्वा मिलिमीटर,” ते म्हणाले. “डॉक्टर, आमच्या खात्यात सोन्याच्या काट्यालासुद्धा थोडा फरक माफ असतो. त्याला मान्य फरक म्हणतात. त्याच्या आत असलं की आम्ही शिक्का मारतो आणि पुढे जातो.”

आणि त्यांनी पेटीतून शिक्का काढला, शाईच्या डबीत दाबला आणि आमच्या डॉक्टरांच्या मनगटावर मारला: ‘तपासले’. (हा शिक्का निवृत्तीनंतर खात्याला परत द्यायचा असतो असं मला नंतर कळलं. तुम्हाला माहीत नसेल तर मी सांगितलं म्हणू नका.) डॉक्टरांनी मनगटाकडे बघितलं, मग व्याह्यांकडे बघितलं, आणि हसले. आवाज न करता, खांदे हलवून, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हसायचे तसे. मी चहा तसाच परत नेला, कारण माझा हात सव्वा मिलिमीटरपेक्षा बराच जास्त हलत होता.

मग व्याह्यांनी मनगट टेकवायला माझी साखरेची पिशवी आणून ठेवली, आणि टेकवल्यावर हात बराच शांत झाला. पहिली पट्टी निघाली. तुम्ही ती बघायला हवी होती. दुसऱ्या कुणाच्या लक्षात येणार नाही एवढीशी ती वाकडी तार, पण दोघांनी ती पांढऱ्या ताटलीत ठेवून तिच्याभोवती फेरी मारली. नंतर दिवसाला तीन-चार या बेताने पट्ट्या निघत गेल्या. डॉक्टर अंघोळ करताना शिक्क्याचा हात बाहेर धरत होते. मी विचारलं, तर म्हणाले, शाई पक्की आहे की नाही ते बघतोय.

सगळं इतकं सुरळीत झालं असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. मधल्या एका पट्टीला टवका उडाला. नखाएवढा, पारदर्शक, माशाच्या खवल्यासारखा. तो सापडला तर गोंदाने होता तिथे बसवता येतो, नाही सापडला तर तिथे कायमचा खड्डा. नेमकी मी तेव्हाच केर काढून गेले होते. त्यानंतर आमच्या घरात जे झालं ते पोलिसांच्या झडतीतही होत नाही. दोघं गुडघ्यांवर बसून फरशी हाताने चाचपत होते, केराचा डबा वर्तमानपत्रावर उलटा केला होता, आणि व्याही माझ्या केरात कांद्याच्या साली किती जाड निघतात ते मला सांगत होते. एवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांची कवळी टोचत होती. दवाखाना बंद झालाय हे त्यांना ठाऊक आहे, पण ते त्यांनी कधी मान्य केलेलं नाही. दारातून त्यांना दिसलं ते असं: खुर्चीत निळा रुमाल बांधून गिटार पडलेली, तिच्यावर दिवा, आणि दोन म्हातारे तोंडाला फडकी बांधून जमिनीवर रांगतायत. काकूंनी कवळी काढून रुमालात घेतली, पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, “हिचं झालं की माझं बघा.” नंतर बराच वेळ त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या. शेवटी (कवळी हातात असल्यामुळे आम्हाला ते दोनदा विचारावं लागलं) म्हणाल्या, तुझ्या कोपराला काय चकाकतंय गं?

टवका माझ्या कोपराला चिकटला होता. त्याच कोपराने मी स्वयंपाक केला होता, गच्चीवर कपडे वाळत घालून आले होते. डॉक्टरांनी तो चिमट्याने उचलला, पातळ गोंदाचा थेंब सोडला आणि जागच्या जागी बसवला. त्याबरोबर स्वतःचं बोटही बसवलं. तो जलद चिकटणारा गोंद होता. जेवायच्या वेळेपर्यंत डॉक्टर आणि गिटार वेगळे करता आले नाहीत. ते खुर्चीशेजारी स्टुलावर बसून जेवले आणि मी भरवलं. काकूंची कवळी त्यांनी मग डाव्या हाताने घासून दिली, आणि काकू म्हणतात ती इतकी छान कधीच बसली नव्हती.

नवीन पट्ट्या ठोकायच्या तर हातोड्याच्या दणक्याने खाचेच्या कडेचं लॅकर तडकायची भीती. तेव्हा डॉक्टरांना माळ्यावरचं ते लोखंडी यंत्र आठवलं, ज्यात कवळीचे साचे दाबतात. त्याची दांडी फिरवायला जोर लागतो, आणि व्याह्यांची पाठ धरलेली, डॉक्टरांचा हात तो असा, म्हणून दांडी माझ्याकडे आली. डॉक्टर पट्टी खाचेत धरणार, व्याही दोन्ही टोकांची उंची मोजून ‘अजून केसभर’ म्हणणार, आणि मी फिरवणार. (विहीणबाई, केसभर म्हणजे किती, यावरून आमचं भांडण झालं. शेवटी माझा एक केस मोजला गेला. जाड आहे म्हणाले. या वयात कुणी माझ्या केसांबद्दल चांगलं बोललं, ते मी लक्षात ठेवलंय.) मग टोकं कापली, आणि मग सगळ्या पट्ट्या एका पातळीत घासायच्या म्हणून डॉक्टरांनी आपलं जुनं दात घासायचं फिरतं यंत्र सुरू केलं. तो आवाज जिन्यातून वर गेला. दोन मजल्यांवरच्या लोकांच्या दाढा नुसत्या आठवणीने दुखायला लागल्या. एक जण खाली येऊन दारातूनच म्हणाला की मी आता नियमित घासतो.

राहिलं लॅकर. जिथे जिथे पट्टीच्या कडेला बारीक ओरखडे उठले होते, तिथे थेंबथेंब लॅकर भरायचं होतं. डॉक्टर म्हणाले सुईने भरू, व्याही म्हणाले मोजून भरू, आणि वाद चालू असताना मी लेकीची राहिलेली नेलपॉलिशची बाटली आणली, त्यातला ब्रश धुतला आणि भरून टाकलं. दोघांनी सुई आणि पट्टी ठेवून दिली. वाळायला गिटार चार दिवस न्हाणीघरात टांगली होती, कारण तिथे धूळ कमी. आम्ही तिघं आळीपाळीने काकूंकडे अंघोळीला जात होतो. वासाने माझं डोकं दुखत होतं. पण एक सांगते, खोटं कशाला बोलू: सकाळी उठून मी आधी न्हाणीघराचं दार उघडायची आणि बॅटरीच्या उजेडात ती मान बघायची. मधात बुडवून काढल्यासारखी चमकत होती. त्या चमकेत एक-दोन ठिकाणं आहेत, ती कुणी केलीत ते मला ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात गिटार सोबत नेऊन तारवाल्याकडून तारा आणल्या आणि घरी चढवल्या. काकू आल्या, वरचे दाढवाले आले, मी हात पुसून दारात उभी राहिले. व्याह्यांनी सूर लावला. खरखर नाही. वर गेले, खाली आले, कुठेच खरखर नाही. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले होते. आणि मग, विहीणबाई, ते वाजवत राहिले, आणि हळूहळू आम्हा सगळ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. आजपर्यंत खरखरीमुळे जे झाकलं जात होतं ते आता स्वच्छ ऐकू येत होतं. तुमच्या यजमानांना गिटार वाजवता येत नाही. एकच चाल, आणि तीत तिसऱ्या ओळीला दर वेळी तीच चूक, घंटेसारखी स्पष्ट. मी डॉक्टरांकडे बघितलं. ते हळूच म्हणाले, “याला आमच्याकडे इलाज नाही.”

तर मुद्दा असा. तुमचे नळ बसले, भिंती लिंपल्या, तुम्ही घरी परतलात हे लेकीकडून कळलं. व्याही मात्र इथेच आहेत आणि सकाळ-संध्याकाळ वाजवत आहेत. मी आदरातिथ्याला कमी पडले असं कुणी म्हणू नये, पण माझाही एक मान्य फरक आहे. तेव्हा येत्या रविवारी तुम्ही फोन करून त्यांना बोलावून घ्या. कारण काहीही सांगा. पंपाचा दाब मोजायचाय म्हणा, धावत येतील.

जावईबापूंना आशीर्वाद, लेकीला सांगा फोनवर दोन मिनिटं जास्त बोलत जा, आणि तुम्हाला पुन्हा नमस्कार.

तुमची,
विहीण

ता. क. पाकीट चिकटवलेलं परत फोडून हे लिहिते आहे. फोन करू नका. आज सकाळी तो तारवाला एक लांबट पेटी घेऊन दारात आला. आत तशीच फिकट मानेची, लॅकरवाली, झिजलेली गिटार. म्हणाला, मी करत नाही, पण तुम्ही केलेली पाहिली, ही बघता का? डॉक्टर आत गेले, पांढरा कोट शोधून घालून आले, खुर्चीवरून फडकं फिरवलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मला विचारलं, “आज पहिला नंबर कोणाचा?” दवाखाना होता तेव्हा रोज सकाळी ते मला हेच विचारायचे. मी गॅस बारीक करून दारात आले. तोवर उत्तर व्याह्यांनी दिलंही होतं. तुमचे उपकार मी कसे फेडू? निदान थंडी संपेपर्यंत त्यांना इथे राहू द्या.

ता. क. २ त्यांचे लोकरीचे कपडे आणि जाडी मोजायच्या पात्यांचा दुसरा जुडगा पाठवून द्या. किंवा असं करा, तुम्हीच घेऊन या आणि राहा. माझ्या खोलीत दोन गाद्या घातल्या आहेत.

ता. क. ३ येताना कापूस आणा. दवाखान्याचा एवढा उरलेला साठा होता, तो आम्ही सगळ्यांनी मिळून कानात घालून संपवला. काकूंसाठीही थोडा जास्त आणा.